चौथ्या दिवसापासून

स्कार्ड या शेतघराच्या स्वयंपाकघरात त्या आठवड्यात ओव्हनच्या बाजूला तीन पेट्या मांडलेल्या होत्या. दोन पेट्यांत कोकरं होती आणि तिसरीत उन्नुरची मुलगी. ती पेटी नाही, पाळणा आहे, आणि त्याची जागा वरच्या खोलीत आहे, हे उन्नुरनं सासूला दोनदा सांगून पाहिलं होतं. सिग्नी दोन्ही वेळा "हो हो" म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा उन्नुर अंघोळ करून येईपर्यंत पाळणा परत खाली ओव्हनशेजारी आला होता.

मे महिन्याचा मधला आठवडा. चारशे वीस मेंढ्या व्यायच्या होत्या, त्यातल्या निम्म्या मोकळ्या झाल्या होत्या. बाहेर उत्तरेचा वारा बर्फाचा भुगा तोंडावर फेकत होता. उजेड चोवीस तास, त्यामुळे दिवस संपला असं म्हणायची कुणाला सोय नव्हती. सासरा ग्रिमुर आणि नवरा ब्यार्की पाळीपाळीनं मेंढवाड्यातून यायचे, उभ्यानं सुका मासा लोण्याला लावून खायचे, फरशीवरच तासभर आडवे व्हायचे आणि परत जायचे. घरभर चिकाचा, ओल्या लोकरीचा आणि आयोडीनचा वास. त्यात चार दिवसांची बाळंतीण म्हणजे खोळंब्यात पडलेली आणखी एक बाई, एवढंच.

मुलीला अजून नाव नव्हतं. नाव बारशाला ठेवायचं, आणि बारसं मेंढ्या डोंगरावर सोडून झाल्यावर. तोवर ती नुसती छोकरी.

चौथ्या दिवशी दुपारी छोकरी दूध पिऊन झाली आणि उन्नुरच्या मांडीवर एकदम ताठली. डावा हात बाहेर काढून तिनं असा धरला, जणू कुणी ओढतंय. मान डावीकडे वळली. डोळे उघडे, पण कशावरच नाहीत. तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलायला लागलं आणि मग डावा पाय उडू लागला, टक, टक, टक, नंतर उजवासुद्धा. उन्नुरला वाटलं, किती वेळ झाला कोण जाणे. मग सगळं सैल पडलं. छोकरीनं सुस्कारा सोडला आणि झोपून गेली.

"सिग्नी, हे बघ. सिग्नी, हिला काय झालं?"

सिग्नी कोकरांचं दूध ढवळत होती. "थंडी वाजली असेल."

"इथं चोवीस डिग्री आहे."

"मग उचकी."

"उचकी पायाला लागते का?"

"पोरी, चार दिवसांची आहे ती. हात कुठं आणि पाय कुठं हे तिचं तिला तरी कळलंय का अजून? मापात येईल सगळं." सिग्नीनं चमचा पातेल्याच्या कडेवर आपटला. "तू तो फोन बघत बसतेस ना, त्यानं डोक्यात नाही नाही ते शिरतं."

उन्नुर दक्षिणेची. कॉलेजात रसायन शिकलेली, खोऱ्यातल्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी. मोजायची, टिपून ठेवायची तिला सवय होती आणि या घरात त्या सवयीची चेष्टा व्हायची.  पण भिंतीवरच्या खत कंपनीच्या कॅलेंडरावर तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं: दोन वाजून दहा.

संध्याकाळपर्यंत तिथं आणखी तीन वेळा लिहिल्या गेल्या. एकदाही खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ब्यार्की आत आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, तर तो फरशीवर डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाला, "आई काय म्हणते?"

"आई म्हणते उचकी."

"मग उचकी असेल." आणि तो घोरायलाही लागला. त्याच्या मनगटाला अजून रक्त वाळलेलं होतं. त्याच्या डोक्यात बादली घालावी असं उन्नुरच्या मनात आलं. बादली जवळच होती, पण तिच्यात चीक होता आणि तो वाया घालवणं या घरात खून करण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्दा आली. ती या खोऱ्याची सुईण. बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येऊन बघून जायचं तिचं काम. तिनं छोकरीला उघडी करून वजन केलं, टाळूवर बोट फिरवलं, डोळ्यांत उजेड टाकला. छोकरी शहाण्यासारखी पडून होती. मग आल्दानं कॉफी घेतली, सिग्नीच्या हातच्या पातळ साखरपोळ्या खाल्ल्या, कुणाच्या किती मेंढ्या व्यायल्या ते सांगितलं. तासभर बसली बिचारी, वाट बघत. छोकरी देवदूतासारखी झोपली होती.

"फोनवर चित्रण केलंस का?" आल्दानं विचारलं.

उन्नुरनं दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा फोननं जागा नाही म्हणून सांगितलं. ब्यार्कीच्या फोनवर मेंढीनं पाय दिल्यापासून तो उन्नुरचा फोन मेंढवाड्यात न्यायचा. त्यात आता तीनशे बारा मेंढ्यांच्या कानांचे फोटो होते, बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असे. एका बाळाला त्यात जागा उरली नव्हती.

"सगळे कान पुसून टाक," आल्दा हसत म्हणाली.

"पुसू नको हं, पोरी. ग्रिमुरनं अजून वहीत उतरवले नाहीत," सिग्नी म्हणाली.

आल्दा उठली. दारात बूट घालताना मात्र तिचं हसणं गेलं. "उन्नुर, ऐक. नवी बाळं थरथरतात, त्यात काही नसतं. परत झालं तर तिचा पाय हातात धर. धरल्यावर थांबला तर विसरून जा. थांबला नाही, तर मला फोन करत बसू नको, सरळ गाडी काढ."

आल्दाची गाडी पुलापलीकडे गेली असेल नसेल, तेवढ्यात छोकरी ताठली. डावा हात, मान, डोळे. उन्नुरनं तिचा उडणारा पाय मुठीत धरला. घट्ट धरला. पाय मुठीत उडतच राहिला. बारक्या माशासारखा, एका लयीत, तिच्या बोटांचा काही संबंध नसल्यासारखा. मग ओठ निळे पडले. छोकरी श्वास घेत नव्हती.

"सिग्नी."

सिग्नी वळली. ती धावली नाही, किंचाळली नाही, काय झालं म्हणून तिनं विचारलं नाही. तिनं दारावरच्या घड्याळाकडे बघितलं. ओठ अगदी थोडे हलत होते. मग छोकरीनं हुंदका दिल्यासारखा श्वास ओढला, ओठांवर रंग आला, आणि सिग्नीची नजर घड्याळावरून खाली आली.

"झालं," ती म्हणाली. "आता झोपेल."

ते "आता झोपेल" उन्नुरच्या कानात कुसळासारखं रुतलं. पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मुलीला शालीत गुंडाळून ती घरातल्या चपलांनिशी मेंढवाड्याकडे पळाली. चिखलात एक चप्पल रुतून बसली, ती तिथंच राहिली.

ब्यार्कीचा हात कोपरापर्यंत मेंढीच्या पोटात होता. ग्रिमुर तिचं डोकं गुडघ्यांत धरून बसला होता.

"गाडी काढ," उन्नुर म्हणाली.

"दोन मिनिटं. एक पाय मागं अडकलाय."

"ब्यार्की, ती निळी पडली होती. श्वास बंद झाला होता तिचा. तू आधी मेंढी सोडवणार आहेस का?"

"अगं, आता असा हात काढला तर दोन्ही जातील. दोनच मिनिटं."

एका पायात चप्पल नाही, पाठीवर बर्फ, हातात मूल, आणि आपण एका मेंढीच्या मागं नंबर लावून उभ्या आहोत. उन्नुरला रडूही येईना. ग्रिमुरनं मान वर केली. सहसा तो तिच्याशी हवामानाशिवाय बोलत नसे.

"आज कितवा दिवस?" त्यानं विचारलं.

मेंढीचे दिवस विचारतोय की बाळाचे, हे तिला कळलं नाही. "पाचवा," ती चिडून म्हणाली.

 ग्रिमुरनं मेंढीचं डोकं खांबाला बांधलं, बाही वर सारली आणि मुलाला खांद्यानं बाजूला केलं. "काढ हात. मी घालतो. जा तू."

शहर दीड तासावर, मध्ये माळरानाचा घाट. उन्नुर मागच्या सीटवर मुलीकडे टक लावून बसली होती. घाटमाथ्यावर धुकं लागलं तेव्हा पुढच्या सीटच्या पायाशी काहीतरी बें करून ओरडलं.

उन्नुरनं वाकून बघितलं. बटाट्याच्या खोक्यात, जुन्या स्वेटरात, एक काळं कोकरू.

"हे काय आहे?"

ब्यार्कीनं आरशातून बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली. "सातशे बारा नंबरच्या मेंढीचं तिसरं. गार पडलं होतं. गाडीचा हीटर बरा म्हणून सकाळी ठेवलं होतं. विसरलो."

"विसरलास."

"आता काय करू, घाटात फेकू?"

"मुलीचा श्वास थांबतोय आणि आपण कोकरू फिरवतोय."

"उन्नुर, मी चार दिवस झोपलेलो नाही."

"मी पण नाही. माझ्याकडं मेंढ्या नाहीत, म्हणून ते दिसत नाही."

त्यानंतर फक्त कोकरू बोललं, पार इस्पितळाच्या दारापर्यंत.

इस्पितळात छोकरीला परत झटका आला. यावेळी सहा माणसांसमोर. उन्नुरला त्याचं बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. त्यांनी टाचेला टोचून रक्त घेतलं, हातावर शीर सापडेना म्हणून डोक्यावर बाजूचे केस भादरून तिथं सुई घातली. डोक्याला रंगीत तारा चिकटवल्या. औषध दिलं. तासाभरानं झटके थांबले, आणि छोकरी चिंधीसारखी झाली. आता ती उडत नव्हती आणि दूधही ओढत नव्हती. उन्नुरची छाती दगड झाली होती, पदरी पडला दूध काढायचा पंप.

थोर्दिस नावाची डॉक्टरीण खुर्ची ओढून समोर बसली. चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची. तिनं सरळ सांगितलं. "एवढ्या लहान बाळाला आकडी येते ती सहसा कशामुळं तरी येते. साखर उतरली, कॅल्शियम कमी पडलं. ती दोन्ही आम्ही बघितली, ठीक आहेत. मेंदूला जंतू लागले असतील, त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढलंय. मेंदूत रक्ताची गाठ किंवा रक्तस्राव असू शकतो. त्याचं नीट चित्र घ्यायचं तर राजधानीला न्यावं लागेल, चार वाजता विमान आहे. नाहीतर मेंदूची घडण, किंवा शरीरातल्या रसायनांचा जन्मजात दोष." ती थांबली. "आता मला काही विचारायचंय. सगळ्यांना विचारावंच लागतं. गरोदरपणी काही घेत होतीस? गोळ्या, दारू, आणखी काही?"

"नाही."

"झोपेच्या गोळ्या?"

"नाही म्हटलं ना."

"पडली होतीस? कुणी ढकललं? घरी कुणी बाळाला हलवलं, जोरात?"

उन्नुरनं ब्यार्कीकडे बघितलं. तो मेंढवाड्याच्या कपड्यांत, लोकरी मोज्यांत उभा होता. त्याचा वास खोलीभर पसरला होता आणि नर्सनं खिडकी किलकिली केली होती. आपण यांना कसे दिसत असू, हे तिला एकदम दिसलं. नर्सनं तिच्या हातात लघवीसाठी पेला दिला. टाके दुखत होते. एवढ्याशा संडासात पेला धरून बसल्यावर तिनं मनातल्या मनात सिग्नीला, ब्यार्कीला, चारशे वीस मेंढ्यांना आणि त्यांच्या तीनशे बारा कानांना शिव्या घातल्या.

बाहेर आली तेव्हा थोर्दिस ब्यार्कीला विचारत होती. "तुमच्या घराण्यात कुणाला? लहानपणी आकडी, फेफरं? तुला स्वतःला?"

"आमच्याकडं असलं काही नाही," ब्यार्की म्हणाला. तो खरंच बोलत होता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"आईला एकदा विचारशील?"

"आईनंच सांगितलं असतं."

मग तो कोकराला दूध पाजायला गाडीकडे गेला. नर्सनं त्याला बाळांची बाटली दिली होती. इस्पितळात सगळ्यांना कोकराचं फार कौतुक. दोघी तर खाली जाऊन बघून आल्या.

उन्नुर काचेच्या पेटीशेजारी बसली. पेटीवर चिठ्ठी: उन्नुरची मुलगी. भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा काटा सरकताना बघता बघता तिला सकाळचं स्वयंपाकघर आठवलं. दचकलेलं माणूस बाळाकडे बघतं. सिग्नी घड्याळाकडे बघत होती. आणि म्हणाली, आता झोपेल. उचकीवाल्याला कुणी असं म्हणत नाही. काय होतं, किती वेळ होतं आणि नंतर काय होतं, हे ज्यानं बघितलंय, तेच माणूस असं म्हणतं.

तिनं फोन लावला. पलीकडे मेंढ्यांचा गलका.

"कशी आहे छोकरी?"

"सिग्नी, तू घड्याळ का बघितलंस?"

"काय?"

"सकाळी. ती निळी पडली तेव्हा तू घड्याळ बघत होतीस. मोजत होतीस."

"कोकराला दूध द्यायची वेळ बघत असेन. उन्नुर, मला आता—"

"ब्यार्कीला असं व्हायचं का?"

पलीकडे कुणीतरी बादली खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच काही सांगत नाही, हीच तर रड आहे. हो की नाही?"

"नाही," सिग्नी म्हणाली. मग परत म्हणाली, "नाही. आणि तू तिथं काही सांगू नको. एकदा लिहिलं की ते लिहिलेलंच राहतं, पोरी. ती तुझी मुलगी आहे. त्यांच्या कागदाची नाही."

"तिला विमानानं नेतायत. तिच्या कण्यात सुई घातली. माझी लघवी तपासतायत, मी नशा करते का ते बघायला. आणि तू मला कागदाचं सांगतेस?"

फोन बंद झाला. उन्नुरनं परत लावला. वाजत राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिथं कुणावर ओरडणार? शेजारच्या पेटीत दुसऱ्या कुणाचं तरी बाळ झोपलं होतं. तिनं पंपाच्या नळ्या धुतल्या. पुन्हा धुतल्या.

पावणेतीनला दारात ग्रिमुर उभा दिसला. पायात नुसते मोजे, एका अंगठ्याला भोक. बूट नर्सनं बाहेर काढायला लावले असणार. अंगात मेंढवाड्याचाच स्वेटर, हातात पावाची प्लास्टिकची पिशवी. विण्याच्या दिवसांत ग्रिमुर स्कार्डच्या कुंपणाबाहेर गेला, हे खोऱ्यात कुणी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. त्याची आई वारली तेव्हासुद्धा तो पुरायला तेवढा गेला होता, जेवायला थांबला नव्हता.

"कोकरू न्यायला आलो," तो म्हणाला.

ब्यार्की उठून उभा राहिला. "मेंढ्यांजवळ कोण आहे?"

"आई आहे. आल्दा आहे." त्यानं पेटीकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर काढली. "डॉक्टर कुठंय?"

थोर्दिस आली. ग्रिमुरनं पिशवीतून एक वही काढली. विण्याची वही. दर वर्षीची वेगळी. कुठली मेंढी, कुठल्या एडक्याची, किती पिल्लं, काय खोड. ओल्या बोटांनी पानं फुगलेली. ही एकतीस वर्षांपूर्वीची होती. पान आधीच दुमडून आणलं होतं.

"मोठ्यानं वाच," उन्नुर म्हणाली.

थोर्दिसनं वाचलं. "चारशे अठरा. दोन माद्या, धडधाकट. एकोणनव्वद. एक नर, मेलेला. मुलगा. चौथा दिवस. डावा हात ताठ, मान डावीकडे, मग पाय. सव्वा मिनिट. दूध पितो." तिनं पान उलटलं. "दोनशे सात. तिळी. एक दुसरीला लावलं. मुलगा. सहावा दिवस. अकरा वेळा. एकदा निळा. दूध पितो." पुन्हा पान. प्रत्येक पानावर, मेंढ्यांच्या रांगेत, मुलगा. किती वेळा, किती मिनिटं, दूध पितो. शेवटची ओळ वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत होती, वेगळ्या शाईत. "मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या. महिनाभर काही नाही. मुलगा बरा."

ब्यार्कीनं वही हातात घेतली. स्वतःला मेंढ्यांत शोधल्यासारखा तो ओळींवरून बोट फिरवत राहिला. "हा मी?"

"मग आणखी कोण?"

"वरती लिहिलंय, स्पाकुरची तीन पिल्लं थरथरली, स्पाकुरला कापला."

"एडका होता तो," ग्रिमुर म्हणाला. "तुला ठेवला."

ब्यार्की हसला की काय, कळलं नाही. तोंड फिरवून त्यानं नाक पुसलं.

थोर्दिस म्हणाली, "आणखी कुणाला?"

ग्रिमुर खुर्चीच्या कडेवर बसला. हात गुडघ्यांवर. बोटांच्या भेगांत आयोडीन. "मला. असं आई सांगायची. आणि माझ्या बहिणीला, लौगाला. तिच्या वेळी आईनं डॉक्टरला सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं, फेफरं, डोक्यानं अधू. हिवाळा लागायच्या आत तिचं थांबलं होतं. चालली वेळेवर, बोलली वेळेवर. पण कागद राहिला. तीन वर्षांची झाली तेव्हा न्यायला गाडी आली, दक्षिणेकडच्या संस्थेची. मी पाच वर्षांचा. गाडीत बसताना मला म्हणाली, माझ्या मेंढीला मीठ घाल." तो थांबला. "एकोणीस वर्षांची होऊन तिथंच गेली. सिग्नीला मी हे लग्नाआधी सांगितलं होतं. ब्यार्कीचं झालं तेव्हा आम्ही ठरवलं, कुणाला नाही."

 उन्नुरला त्याची दया आली. आली, पण राग त्यानं तसूभर हलला नाही. दोन्ही एकाच जागी बसले होते, मांडीला मांडी लावून.

"दोन दिवस," ती म्हणाली. "दोन दिवस मला उचकी सांगितली. मी वेडी आहे असं मला वाटायला लागलं होतं. सकाळी तू दिवस विचारलास, ग्रिमुर. तेव्हा तरी सांगायचं होतंस. चार शब्द होते."

"हो."

"तिच्या कण्यात सुई घातली."

"हो," ग्रिमुर म्हणाला. तो नजर चुकवत नव्हता, हे एक बरं होतं. "सिग्नी नाही म्हणाली फोनवर. मग बादलीवर बसून राहिली. मी वही काढली तर अडवलं नाही तिनं."

थोर्दिसनं राजधानीतल्या तज्ज्ञाला फोन केला, वहीतली पानं वाचून दाखवली, अर्धा तास बोलत होती. परत आली ती उभ्यानंच बोलली. "असा एक प्रकार असतो, घराण्यातून येणारा. पहिल्या आठवड्यात सुरू होतो, काही महिन्यांत आपोआप जातो. दोन झटक्यांच्या मध्ये मूल ठणठणीत असतं. यात ते सगळं आहे. कण्यातल्या पाण्यात पहिल्या तपासणीत जंतू दिसलेले नाहीत. आजचं विमान नको. हे सुस्त करणारं औषध कमी करू, दुसरं देऊ, या प्रकाराला ते जास्त लागू पडतं. तिच्या आणि ब्यार्कीच्या रक्ताची तपासणी पाठवू, त्याला काही आठवडे लागतील. चित्र इथल्याच यंत्रावर उद्या घेऊ, बाकी काही नाही ना ते बघायला. मोठेपणी परत एखादी आकडी येऊ शकते, लक्ष ठेवावं लागेल. पण बहुतेक ती बरी होईल."

"बहुतेक," उन्नुर म्हणाली.

"बहुतेक. याहून जास्त मी आज सांगू शकत नाही. आणि कागदावर काय लिहिते ते तुला दाखवून लिहीन. ग्रिमुर, तुलाही."

ग्रिमुरनं मान हलवली. मग उठला. "कोकरू कुठंय?"

"गाडीत," ब्यार्की म्हणाला. "चांगलं झालंय. तीन बाटल्या प्यालं."

"सातशे बारा घेत नाही त्याला. दुसरी बघावी लागेल." पण तो निघाला नाही. पेटीजवळ गेला. पहिल्यांदाच नीट वाकून बघत होता.

तेवढ्यात छोकरीचा डावा हात उघडला आणि ताठ झाला. मान वळली. उन्नुरनं घंटा दाबली, पेटीची खिडकी उघडून हात आत घातला आणि पाय मुठीत धरला. आता थांबेल अशी आशा नव्हती. नुसता धरायचा म्हणून धरला. पाय तिच्या मुठीत टकटकत राहिला. तिनं मान वर केली तेव्हा ग्रिमुर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. तसाच, सकाळी सिग्नी बघत होती तसा. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"ग्रिमुर," उन्नुर म्हणाली, "मोठ्यानं मोज."

त्यानं घसा खाकरला.

"बावीस," तो म्हणाला. "तेवीस. चोवीस."